डमारिस प्यू गप्प बसली त्याची गोष्ट

"आधी मी आले, मग माझ्या मागनं वाट आली."

डमारिस प्यू हे दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. लोणी काढताना म्हणायची, गाय वळवताना म्हणायची. शहरातून कुणी नवखा आला आणि त्यानं "हे आल्डरफोर्ड कुणी वसवलं?" असं विचारलं, तर कमरेवर हात ठेवून, मान जराशी मागं टाकून म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटावं, नुसती वाटच काय, आल्डर नदी, पलीकडची टेकडी आणि टेकडीवरचे ओकसुद्धा हिच्याच मागनं चालत आले असतील.

आम्ही क्वेकर पंथाची माणसं. क्वेकरानं गर्व करू नये, असं आमच्यात लहानपणापासून सांगतात. डमारिसला ते मान्य होतं. "हा गर्व नाही," ती म्हणायची. "खरं आहे ते. खरं बोलायला आपल्यात बंदी कधी झाली?"

अंगानं ती दांडगी होती. पायात पुरुषांचे जोडे घालायची, कारण बायकांचे तिला होतच नसत. आवाज असा, की नदीच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठावरची गाय मान वर करायची. कपडे आम्हा सगळ्यांसारखेच, करडे आणि बिनझालरीचे. पण तिच्या अंगावर तो करडा रंगही थोरामोठ्यांचा वाटायचा.

आमच्यात सगळ्यांना 'तू' म्हणतात. राजाला तू, धन्याला तू, गड्याला तू. देवालाच आपण तू म्हणतो, मग माणसाचं काय एवढं! पण दुसऱ्यांच्या तोंडून ते 'तू' जरा भीत भीत यायचं. डमारिसच्या तोंडून ते घरच्यासारखं यायचं. एकदा फिलाडेल्फियाहून एक न्यायाधीश घोड्यावरून आला. मखमली अंगरखा, चांदीची बटणं. दारात येऊन तो उभा राहिला, हिनं उठून नमस्कार करावा म्हणून. डमारिसनं त्याच्याकडं एकदा खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "आत ये. टोपी असू दे डोक्यावर, इथं कुणी काढत नाही. चेहरा उतरलाय तुझा. जेवलास का काही?" जन्मात त्याला आईखेरीज कुणी असं विचारलं नसेल. तो मुकाट्यानं बसला, मक्याची लापशी दोनदा मागून खाल्ली, आणि कशासाठी आलो होतो ते न सांगताच निघून गेला.

तर अशी ही बाई. तिला कधी शब्द अडला असं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणूनच ती एकदा गप्प बसली, तेव्हा सगळं आल्डरफोर्ड फसलं.

पण त्याच्या आधीचं सांगायला हवं.

डमारिस आली ती जहाजातून, नवऱ्याशिवाय. नवरा रीस प्यू वाटेतच गेला. वेल्समध्ये त्याला कचेरीत शपथ घ्यायला सांगितली होती. आमच्यात शपथ घेत नाहीत. शपथ घेणारा माणूस एका परीनं कबूलच करतो, की एरवी मी खोटं बोललो तरी चालतं. आमचं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. त्याच्यावर आणखी काही रचायचं नसतं. रीसनं तेच सांगितलं आणि तुरुंगात गेला. तिथल्या ओलीत त्याच्या छातीत खोकला बसला, आणि तो खोकला घेऊनच तो जहाजावर चढला. समुद्रातच त्याला सोडावं लागलं. शपथ घेतली असती तर जगला असता. डमारिसला हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही, कारण तिला ते आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्या वर्षी सगळे लोक खाली डेलावेअर नदीच्या काठावर बिळं खणून राहिले होते. डमारिसला ती गर्दी मानवली नाही. ती एक कुदळ आणि एक कढई घेऊन आल्डर नदीच्या काठानं वर वर चालत आली, आणि नदी जिथं मोठं वळण घेते तिथं दरडीत बीळ खणून राहिली. वर फांद्या आणि झाडाची साल. हिवाळ्याच्या मध्याला पीठ संपलं. तिनं ओकच्या बिया गोळा करून तशाच कच्च्या खाल्ल्या आणि पोट धरून लोळत पडली.

तिथं तिला निपाहुमनं पाहिलं. निपाहुम ही इथल्या मूळच्या लेनापे लोकांतली, डमारिसच्याच वयाची, बारीक अंगाची आणि बारीक डोळ्यांची. ती आधी पोटभर हसली. मग तिनं मका आणून दिला, आणि ओकच्या बिया कुटून, पाण्यात घालून, त्यांचा कडवटपणा कसा काढायचा ते दाखवलं. त्या हिवाळ्यात डमारिस जगली ती निपाहुमच्या हातची. पुढं दोघी म्हाताऱ्या झाल्या तरी निपाहुम तिला "कच्च्या बिया खाणारी" म्हणूनच हाक मारायची, आणि ही उलट काही बोलायची नाही. जगात दुसऱ्या कुणाची ती टाप नव्हती.

दर वसंतात, रानातली शॅडची झुडपं पांढऱ्या फुलांनी भरली, की समुद्रातून शॅड मासे नदीत चढतात. आल्डरच्या वळणावर पाणी उथळ होतं आणि दगड असे पडलेत, की मासे तिथं दाटीनं येतात. निपाहुमचे लोक कितीतरी पिढ्यांपासून तिथं मासे धरायचे आणि वर्षभरासाठी धुरावर सुकवायचे. त्या पहिल्या वसंतात डमारिसही गुडघाभर पाण्यात उतरून त्यांच्याबरोबर फांद्यांचं जाळं ओढत होती. तेव्हा निपाहुमनं तिला विचारलं, "तुझी माणसं येतील. पुष्कळ येतील. हे वळण असंच राहील का?"

डमारिस म्हणाली, "हो."

एवढंच. प्रांताचा मालक समुद्रापलीकडं असायचा. त्यानं लेनापे सरदारांशी कागदावर करार केले होते. डमारिस म्हणायची, "त्याचा करार त्याच्यापाशी. माझा माझ्यापाशी."

मग आम्ही लोक आलो. वाट झाली, शेतं झाली, सभाघर झालं. डमारिसनं बीळ सोडून वळणापासून थोडं वर, एका खळग्यात लाकडाचं घर बांधलं. वस्तीतलं ते पहिलं घर. पुढं जमिनीचा तुकडा, मागं गर्द झाडी, आणि त्या झाडीतून उडी घेत नदीकडं जाणारा एक ओहोळ.

आल्डरफोर्डला सगळं होतं, पाणचक्की नव्हती. झाडाचे बुंधे पोखरून त्यांची उखळं केली होती, आणि पहाटेपासून घराघरातून मुसळांचे आवाज चालायचे. बायकांचे खांदे गेले. चांगलं पीठ हवं, तर पोतं पाठीवर टाकून दिवसभर चालायचं, चक्कीवाल्याच्या दारात झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. आजारी माणसाला मऊ पाव द्यायचा म्हटलं, तरी हा वनवास.

अशात इनॉक बोवॉटर आला. हाडकुळा, तरतरीत, इंग्लंडातल्या चेशायरकडचा पिढीजात चक्कीवाला. जहाजातून त्यानं चक्कीचे दोन दगड आणले होते. असे दगड, की आम्ही सगळे त्यांच्यावरून हात फिरवून आलो. इनॉक नदीच्या काठाकाठानं हिंडला आणि वळणावर येऊन थांबला. "इथं," तो म्हणाला. "इथं बंधारा घातला तर चाक बारा महिने फिरेल."

आमच्या सभेत हात वर करून मोजत नाहीत. सगळे बाकांवर गप्प बसतात. ज्याला आतून शब्द येईल तो उठून बोलतो, बाकीचे ऐकतात. मग सभेचा लेखनिक सगळ्यांच्या मनाचा अंदाज घेऊन निर्णय मोठ्यानं वाचतो. कुणी काही बोललं नाही, तर ते सगळ्यांचं हो. आणि एकानं जरी "मला हे पटत नाही" म्हटलं, तरी काम तिथंच थांबतं. तो एक कोण, श्रीमंत की गरीब, बाप्या की बाई, हे पाहत नाहीत.

बंधाऱ्याचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांचे डोळे बायकांच्या बाजूला, पहिल्या बाकावर गेले. निपाहुमला दिलेलं हो सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी मनाची तयारी केली होती, की आता डमारिस उठणार आणि छपराला हादरे बसणार.

डमारिस आपल्या जोड्यांकडं बघत बसली.

लेखनिक होता सिल्व्हेनस मीकिन. कातडी कमावणारा, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं वाट पाहिली. आगटीतला ओंडका जळून मधोमध मोडला, तरी तो थांबला. मग त्यानं वाचलं: वळणावर बंधारा घालायला सभेची संमती आहे. पुन्हा थांबला. डमारिसनं मान वर केली नाही. सिल्व्हेनसनं लिहून टाकलं.

बाहेर आल्यावर उर्सुला टॅपनं तिला गाठलं. उर्सुला गावची सुईण. तिला कुणाचंच भय नव्हतं. "काय गं डमारिस, जीभ घरी विसरलीस का आज?"

"मी हो म्हटलेलं नाही," डमारिस म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"अगं, पण नाहीही म्हटलं नाहीस!"

"मला शब्द आला नाही."

"तुला?" मागून कुणीतरी म्हणालं. "तुला शब्द आला नाही? उद्या कोंबडा म्हणेल, मला बांग आली नाही!" आणि सगळे हसले. हसण्यात राग नव्हता, सुटकेचा आनंद होता. आता चक्की होणार होती.

डमारिस सिल्व्हेनसकडं गेली. "ते खोड."

"कसं खोडू?" सिल्व्हेनस म्हणाला. "मौन म्हणजे हो. आम्ही इथं आलो तेव्हा हे तूच शिकवलंस आम्हाला."

हे खरं होतं. ती घरी गेली.

आमच्यात भांडण कचेरीत नेत नाहीत. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याकडं आधी एकट्यानं जायचं. नाही जमलं, तर दोघांना बरोबर घेऊन जायचं. तरीही नाही जमलं, तर सभेपुढं. डमारिस दुसऱ्याच दिवशी वळणावर गेली. इनॉक पाण्यात खुंटे ठोकत होता.

"इनॉक, तुझ्याशी एकटीला बोलायचंय."

"बोल की. पण तेवढा खुंटा धर, हलतोय."

तिनं खुंटा धरला. इनॉकनं हातोडा घातला.

"हा बंधारा मला मान्य नाही."

"मग सभेत सांगायचंस. नीट धर, तिरका जाईल."

"मासे अडतील, इनॉक. माझा शब्द आहे त्या लोकांना."

इनॉकनं हातोडा खाली ठेवला. "माझ्या बायकोचे खांदे पाहिलेस? बाळाला पाजायला घेताना रडते ती. बाळ नाही रडत, ती रडते. उखळानं ही गत केलीय. तू म्हणतेस मासे. मासे वर्षातून एकदा येतात, भूक रोज येते."

"बंधाऱ्याला फट ठेव."

"फट ठेवलेला बंधारा म्हणजे बूड नसलेली बादली."

डमारिसनं खुंट्यावरचा हात काढला नव्हता. इनॉकचा आवाज जरा खाली आला. "हे बघ, मी काही तुझ्या शब्दावर उठलेला नाही. या नदीला एवढी धार दुसरीकडं नाही, मी चालून पाहिलंय. तुला ठाऊक असली दुसरी जागा, तर दाखव. आज दाखव, आज खुंटे उपटतो. तूच तर आधी आलीस ना? वाट तुझ्या मागनं आली ना? मग दाखव वाट."

डमारिस नदीकडं बघत राहिली.

"बघ," इनॉक म्हणाला, "पुन्हा गप्प."

मग ती उर्सुला आणि सिल्व्हेनसला घेऊन त्याच्या घरी गेली. इनॉकच्या बायकोनं सगळ्यांपुढं लापशी ठेवली. खाणं झालं, बोलणं झालं, आणि इनॉक पुन्हा तिथंच आला: दुसरी जागा दाखवा. सिल्व्हेनसनं दाढी खाजवली. उर्सुलानं डमारिसकडं पाहिलं. परतीच्या वाटेवर सिल्व्हेनस पुढं गेल्यावर ती म्हणाली, "तुला जागा ठाऊक आहे."

"मला गाय पिळायचीय," डमारिस म्हणाली.

"हे खोटं नाही," उर्सुला म्हणाली, "पण माझ्या बोलण्याचं उत्तरही नाही."

शॅडच्या झुडपांना कळ्या धरल्या तेव्हा निपाहुम आली. दर वर्षी ती आपल्या माणसांच्या चार दिवस आधी यायची, वळणावरचे दगड नीट आहेत का बघायला. वळण बघून ती डमारिसच्या घरी आली आणि चुलीपाशी बसली.

"तुझ्या माणसांनी पाण्यात दात पेरलेत," ती म्हणाली.

"पीठ दळायची चक्की करतायत."

"चांगलं आहे. पीठ लागतं." निपाहुमनं हात शेकले. "आणि मासे?"

डमारिसनं चुलीत लाकूड सारलं.

"त्या वर्षी तू हो म्हणालीस," निपाहुम म्हणाली, "तेव्हा मी माझ्या भावांना जाऊन सांगितलं. ते हसले. म्हणाले, कच्च्या बिया खाणारीला काय कळतं? मी म्हटलं, तिला खायचं कळत नाही, बोलायचं कळतं."

"आता येतील ते हसायला?"

"एक भाऊ मोठ्या डोंगरापलीकडं राहायला गेला. दुसरा फोडांच्या आजारानं गेला. हसायला आता मीच आहे." आणि ती हसलीही, पण थोडंसंच. मग आडवी झाली आणि कूस बदलत म्हणाली, "तुझ्या घरामागचा ओहोळ झोपू देत नाही माणसाला. केवढ्यानं पडतो!"

"हो," डमारिस म्हणाली.

तिसरी पायरी सभेची. त्या दिवशी सभाघर इतकं भरलं, की उशिरा आलेले दाराशी उभे राहिले. सगळे गप्प बसले. बाहेर कुठंतरी सुतारपक्षी लाकूड ठोकत होता, तेवढाच आवाज.

डमारिस उठली. उठताना तिनं बाकाचा आधार घेतला नाही.

"मागं मी उर्सुलाला सांगितलं, मला शब्द आला नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, नदीपलीकडं जाणारा. "ते खोटं होतं. शब्द आला होता. या घशापर्यंत आला होता. मी गिळला."

ती इनॉककडं वळली.

"इनॉक विचारतो, दुसरी जागा कुठं? दुसरी जागा माझ्या घरामागं आहे. तो ओहोळ दोन माणसांच्या उंचीवरून पडतो. हिवाळ्यात गोठत नाही, उन्हाळ्यात आटत नाही. शॅड त्यात चढत नाही, कारण उडी फार मोठी पडते. उडीच्या माथ्यावर बांध घातला, तर चाक फिरेल. पहिल्या सभेत बंधाऱ्याचं निघालं आणि माझ्या डोळ्यापुढं पहिली तीच जागा आली."

ओहोळ आम्ही सगळ्यांनी पाहिलेला होता. त्याचं पाणी प्यालो होतो. पण कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, कारण त्या माथ्यामागं डमारिसचा खळगा होता. बांध घातला की खळगा भरणार, आणि खळग्यात वस्तीचं पहिलं घर. देवाच्या देवळाला कुणी विहिरीत ढकलतं का? तसंच ते.

"नाही म्हटलं असतं, तर तुम्ही विचारलं असतं, मग दुसरी जागा दाखव," डमारिस म्हणाली. "आणि हो म्हणायला तोंड नव्हतं. म्हणून जोड्याकडं बघत बसले. रीस 'नाही' एवढा एक शब्द बोलला आणि त्यासाठी मेला. मला एका घरासाठी तो शब्द बोलवेना. आता बोलते. वळणावर बंधारा नको. माझा ओहोळ घ्या."

ती बसली.

सिल्व्हेनसनं लेखणी उचलली. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं इनॉक बोवॉटर उठला. आधीच हाडकुळा, त्यात चेहरा पांढरा पडलेला.

"मला हे पटत नाही," तो म्हणाला.

सभाघरात अशी कुजबुज उठली, जी आमच्यात होत नाही. सिल्व्हेनसनं लेखणी खाली ठेवली.

"एका विधवेचं घर बुडवून मी चाक फिरवणार नाही," इनॉक म्हणाला. "माझ्या पिठाला त्याची चव येईल."

"विधवा?" डमारिस बसल्या जागेवरून म्हणाली. "कोण विधवा? मी डमारिस आहे."

"ते झालं गं, पण..."

"पण काय? मी काय तुला घर दान देतेय? तुझ्या चाकासाठी नाही देत मी. माझं हो आहे त्यासाठी देते. ते खोटं ठरलं, तर त्या घरात मी झोपू कशी? सांग तू."

"मग तुझं नवं घर आम्ही बांधू. टेकडीच्या धारेवर. माझ्या चक्कीच्या आधी."

"चक्कीच्या आधी नाही. बायकांचे खांदे थांबतील का? बरोबरीनं बांधा. आणि दार कुठल्या दिशेला ते मी सांगेन, सुतार नाही."

"हे मला चालेल," इनॉक म्हणाला आणि बसला, पण लगेच पुन्हा उठला. "आता मी गप्प बसतोय, ते खरंच हो म्हणून. नंतर म्हणू नका."

सिल्व्हेनसनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि आल्डरफोर्डला आजवर झालं नव्हतं ते केलं. एकेकाचं नाव घेऊन त्यानं विचारलं, "तुझं मौन हो आहे ना?" लंगडा टोबायस, उर्सुला, इनॉकची बायको, दाराशी उभे असलेले सगळे. प्रत्येकानं तोंडानं हो म्हटलं. इतर गावचे क्वेकर अजून आम्हाला हसतात, की आल्डरफोर्डवाल्यांच्या मौनालाही साक्षीदार लागतो. हसू देत. आमच्याकडं त्यानंतर कुणी फसलं नाही.

इनॉकनं संध्याकाळच्या आत सगळे खुंटे उपटले. थोड्याच दिवसांत शॅड झुडपं पांढरी झाली आणि मासे आले. वळणावर पाणी चांदीच्या पत्र्यासारखं चकाकलं. निपाहुमचे लोक पूर्वीपेक्षा थोडे होते; म्हणून जाळं ओढायला आम्हीही उतरलो, आणि धुरावर माशांच्या रांगा लागल्या.

मक्याला कणसं धरली, तोवर बांधासकट चक्कीही उभी राहिली आणि टेकडीवरचं घरही. दोन्हीच्या तुळया एकाच ओकच्या लाकडाच्या. टेकडीवरून वळण दिसतं, वस्ती दिसते, आणि कोण कुठं चाललंय तेही दिसतं. डमारिसनं दार बरोबर त्या दिशेला करून घेतलं, पण दाराला फळी बसवू दिली नाही.

पाणी अडवायला बांधाची फळी खाली टाकायची त्या सकाळी सगळं गाव जमलं. डमारिसनं आपल्या जुन्या घराचं दार बिजागरीतून उचकटून काढलं. जमिनीवर आडवं टाकलं, त्याच्यावर कढई, चीज दाबायचा दगड, गोधडी आणि दोन कोंबड्यांची टोपली ठेवून दोरीनं आवळलं, आणि ते सगळं बैलाला जुंपलं. उर्सुला म्हणाली, "अगं, एक पोरगं देऊ का बरोबर?" ती म्हणाली, "बैल आहे की." सिल्व्हेनस म्हणाला, "नवी फळी आहे तयार, कशाला हे ओढतेस?" ती म्हणाली, "ही फळी मला ओळखते."

उघड्या चौकटीतून तिनं एकदा आत पाहिलं. चूल विझवली आहे ना, तेवढंच. मग बैलाच्या पाठीवर थाप मारून ती चढणीला लागली. बैल मध्येच थांबायचा, ती त्याला शिव्या द्यायची. आमच्यात शिव्या नसतात, पण डमारिसनं बैलाला म्हटलेलं 'तू'सुद्धा शिवीसारखं लागायचं. दार दगडांवरून खडखडत जायचं आणि कोंबड्या ओरडायच्या.

इनॉक बांधावर फळीचा दोर धरून उभा होता. खाली बायका धान्याची पोती घेऊन थांबल्या होत्या, कुणीतरी म्हणालं, "टाक ना आता." त्यानं मान हलवली. खळग्याच्या पलीकडच्या कडेला निपाहुम बसली होती. मासे केव्हाच संपले होते, तिची माणसं गेली होती, ती एकटी मागं राहिली होती. ती चढणीकडं बघत होती.

डमारिस धारेवर पोचली, बैलाला वळवलं आणि ओकांच्या आड गेली. इनॉक तेवढ्यापुरता थांबला होता. मग त्यानं दोर सोडला.